सर्दीत मुलाच्या तोंडाला वास आणि कान ठणकणं: आधी नाक, मग तोंड, मग कान

मूल तीन-चार दिवस सर्दीने बेजार आहे. जवळ घेतलं की तोंडाचा कुबट वास येतो. रात्री दोन वाजता ते किंचाळत उठतं आणि कानाला हात लावून रडतं. अशा वेळी वास येतो म्हणून दात पुन्हा पुन्हा घासले जातात, कान दुखतो म्हणून कानात काहीतरी सोडलं जातं, आणि ज्या नाकापासून हे सगळं सुरू झालं ते मात्र चोंदलेलंच राहतं. माझ्या मोठ्या मुलीच्या पहिल्या दोन-तीन आजारपणांत मीही हेच केलं. मला वाटतं चूक औषधापेक्षा क्रमात जास्त होते, म्हणून हा लेख क्रमाने लिहिला आहे आणि तो क्रमानेच वापरावा.

क्रम पटावा म्हणून एवढंच लक्षात घ्या. कानाच्या पडद्यामागच्या पोकळीतून एक बारीक नळी निघते आणि ती नाकाच्या मागच्या बाजूला उघडते. मोठ्या माणसात ही नळी उतरती असते. लहान मुलात ती आखूड, अरुंद आणि जवळजवळ आडवी असते. सर्दीत तिचं तोंड सुजून बंद झालं की पडद्यामागे पाणी साचतं, त्यात जंतू वाढले की कान ठणकतो. वासाचंही मूळ बहुतेकदा तेच. नाक बंद झालं की मूल तोंडाने श्वास घेतं, लाळ वाळते, जिभेवर जंतू माजतात आणि वरून घशात शेंबूड उतरत राहतो.

## सुरुवातीलाच: या मुलांना घरी थांबवू नका

खालीलपैकी एक जरी गोष्ट दिसली तरी पुढच्या पायऱ्या वाचत बसू नका, थेट डॉक्टर गाठा.

- बाळ तीन महिन्यांपेक्षा लहान आहे आणि अंगात ३८ अंश सेल्सिअस (१००.४ फॅरनहाइट) किंवा जास्त ताप आहे. याला घरचं तापाचं औषध देऊन वाट पाहायची नसते.
- श्वास जोरात चालला आहे, श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जाते, मूल कण्हतं आहे किंवा ओठ निळसर दिसतात.
- कानामागे सूज, लाली आहे आणि कानाची पाळी पुढे ढकलल्यासारखी दिसते.
- मान ताठ आहे, मूल ग्लानीत आहे, हाक मारली तरी नीट जागं होत नाही, किंवा दाबल्यावरही न पुसटणारे लाल-जांभळे डाग अंगावर उठले आहेत.
- चेहऱ्याची एक बाजू लोंबते आहे किंवा मूल अचानक झोकांड्या खात चालतं आहे.
- आठ तासांत लघवी नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, बाळाची टाळू खोल गेली आहे.

तपासा: श्वास मोजायचा तर मूल शांत असताना, शक्यतो झोपेत, पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, लहान मुलांचा श्वास एकसारखा नसतो. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त म्हणजे श्वास जोरात चालला आहे.

## पायरी १: तयारी दिवसा करून ठेवा

रात्री दोनला बाटलीवरची बारीक अक्षरं वाचता येत नाहीत. सर्दीच्या पहिल्याच दिवशी या गोष्टी एका डब्यात काढून ठेवा.

१. मुलाचं आजचं वजन एका चिठ्ठीवर. मागच्या लसीच्या वेळचं नको. औषधाचा डोस वजनावर ठरतो, आणि सहा महिन्यांत वजन बरंच बदललेलं असतं.
२. तापमापक. हात लावून ठरवलेला ताप डॉक्टरांच्या काही कामाचा नसतो.
३. नाकात टाकायचे सलाईनचे थेंब, म्हणजे नुसतं ०.९ टक्के मिठाचं निर्जंतुक पाणी. वेष्टनावर दुसऱ्या कुठल्या औषधाचं नाव नाही ना, ते बघून घ्या.
४. शेंबूड ओढायचा रबरी बल्ब.
५. औषध मोजायची, मिलीच्या खुणा असलेली सिरिंज. घरातला चमचा नाही, चमच्यांची मापं सारखी नसतात.
६. छोटा टॉर्च.
७. पॅरासिटामॉल. बाटलीवरची तीव्रता, म्हणजे किती मिलीत किती मिलिग्रॅम, जाड पेनने ठळक लिहून ठेवा.
८. वही. ताप, औषधाची वेळ, खाणं-पिणं, लघवी एवढंच. डॉक्टरांकडे गेल्यावर ही वही तुमच्या आठवणीपेक्षा जास्त उपयोगी पडते.

इशारा: नाक झटकन मोकळं करणारे थेंब (झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन) आणि सलाईनचे थेंब बाटलीवरून सारखेच दिसतात. पहिल्या प्रकारचे थेंब लहान मुलाला डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय द्यायचे नाहीत, आणि सांगितले तरी ठरलेल्या दिवसांपलीकडे नाहीत. ते लांबवले की नाक उलट जास्त चोंदतं.

## पायरी २: वास कुठून येतो ते आधी शोधा

ही पायरी सगळेजण ओलांडून पुढे जातात. थेंब टाकण्याआधी ती करायची, यामागे कारण आहे आणि ते खाली येईलच.

सकाळी मूल उठल्यावर, ब्रश करण्याआधी, तोंडाजवळ वास घ्या. मग त्याला तोंड मिटायला लावून नाकाजवळ घ्या. बाळ असेल तर दूध ओढताना त्याचं तोंड बंदच असतं, तेव्हा नाकाजवळ घेता येतो. दोन्ही नाकपुड्यांपाशी वेगवेगळा.

- तोंडाचा वास, सकाळी जास्त, पाणी प्यायल्यावर कमी: तोंडाने श्वास घेतल्याचा. नाक मोकळं झालं की जातो.
- दोन्ही नाकपुड्यांतून आणि घशातून, दिवसभर: घट्ट शेंबूड मागे उतरतो आहे. सर्दीच्या पहिल्या दहा दिवसांत हे चालतं.
- तोंडाचा वास आणि लाळ गळते आहे, हिरड्या लाल, फोड दिसतात, मूल गिळायला तयार नाही: हे हिरड्यांचं किंवा घशाचं वेगळं दुखणं आहे. डॉक्टरांना दाखवा.
- एकाच नाकपुडीतून घाण वास, त्याच बाजूने पू किंवा रक्ताचा अंश असलेला स्राव: दुसरं काही सिद्ध होईपर्यंत नाकात काहीतरी अडकलं आहे असंच समजा.
- नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा किंवा पिकल्या फळासारखा गोडसर वास: तापात दिवसभर काही खाल्लं नसेल तर असा वास येतो आणि खाल्ल्यावर जातो. पण सोबत खूप तहान, वारंवार लघवी, वजन उतरणं, खोल-जलद श्वास असेल तर त्याच दिवशी रक्तातली साखर तपासायला हवी. हे थांबण्यासारखं नाही.

एका नाकपुडीचा मुद्दा मी अनुभवाने शिकले. धाकटा अडीच वर्षांचा असताना त्याची सर्दी लांबली होती आणि वास इतका, की शेजारी झोपवत नसे. मी दिवसातून तीनदा त्याचे दात घासत होते, जीभ पुसत होते. बारा दिवसांनी एका दुपारी तो मांडीवर झोपला असताना लक्षात आलं की वरच्या ओठावरची पिवळी ओली रेघ फक्त उजव्या बाजूला आहे. डावी बाजू कोरडी ठणठणीत. डॉक्टरांनी दोन मिनिटांत चिमट्याने स्पंजचा तुकडा काढला, खेळण्यातला, करंगळीच्या नखाएवढा. वास दुसऱ्या दिवशी गेला. दोन्ही बाजूंचा स्राव सारखा आहे का, एवढं पाहायला मला बारा दिवस लागले.

इशारा: नाकात अडकलेलं काहीही घरी चिमट्याने, काडीने किंवा बोटाने काढायला जाऊ नका, ते आणखी आत सरकतं. बटण-सेल अडकल्याची नुसती शंका असली तरी ताबडतोब रुग्णालयात जा. आतली त्वचा काही तासांतच भाजू लागते. आणि अशा वेळी सलाईनचे थेंब टाकायचे नाहीत, मिठाच्या पाण्याने सेलची इजा वाढते. वास शोधण्याची पायरी थेंबांच्या आधी ठेवली आहे ती याचसाठी.

## पायरी ३: नाक मोकळं करा

या लेखातलं खरं काम इथे आहे. बाकी काही जमलं नाही तरी हे नीट करा.

कधी: दूध किंवा जेवणाच्या पंधरा मिनिटं आधी आणि झोपण्याआधी. जेवणानंतर केलं की मूल ओकतं, आणि मग नाकाला हात लावू देत नाही. बल्बने ओढणं दिवसातून तीन-चार वेळांपेक्षा जास्त नको, आतलं अस्तर सुजतं, रक्त येतं. नुसते थेंब त्याहून जास्त वेळा चालतात.

बाळासाठी आणि ज्यांना नाक शिंकरता येत नाही त्यांच्यासाठी:

१. हात धुवा. थेंबांची बाटली मुठीत धरून अंगाच्या उबेला आणा. गार थेंब पडला की बाळ दचकतं आणि पुढच्या वेळी बाटली पाहूनच रडतं.
२. बाळाला उताणं मांडीवर घ्या, डोकं किंचित मागे. एकट्याने करत असाल तर हात पातळ कापडात गुंडाळा, करकचून नाही.
३. एका नाकपुडीत दोन-तीन थेंब. बाटलीचं टोक नाकाला टेकवू नका.
४. आता थांबा. निदान अर्धं मिनिट, जमल्यास एक मिनिट. बहुतेकांची चूक इथेच होते. थेंब टाकल्या टाकल्या ओढलं तर टाकलेलं पाणीच परत येतं, घट्ट शेंबूड जागचा हलत नाही.
५. बल्ब नाकाबाहेर असतानाच दाबा. दाबलेलाच ठेवून टोक नाकपुडीच्या तोंडाशी, जेमतेम आत ठेवा. टोकाची दिशा मागे, वर डोळ्याकडे नाही.
६. बोटं हळूहळू सैल सोडा. बल्ब फुगतो तसा शेंबूड आत येतो.
७. बाहेर काढून कागदावर रिकामा करा. मग दुसरी नाकपुडी.
८. झाल्यावर साबणाच्या कोमट पाण्यात बल्ब दाबून-सोडून आतून धुवा, साध्या पाण्याने खळबळा आणि टोक खाली करून वाळवा. ओला राहिलेला बल्ब आतून बुरसटतो. मी एकदा जुना बल्ब कापून पाहिला होता, आतली काळी बुरशी पाहून त्याच दिवशी नवा आणला.

चूक: नाकात टोक घातल्यावर बल्ब दाबणं. त्याने हवा आत जाते आणि शेंबूड मागे ढकलला जातो.

मोठ्या मुलांसाठी, साधारण दोन-तीन वर्षांपासून पुढे: शिंकरणं शिकवावं लागतं. मूल बरं असताना खेळ म्हणून शिकवा. टेबलावर कागदाचा कपटा ठेवा, तोंड मिटायला सांगा, एक नाकपुडी बोटाने बंद करा आणि दुसरीतून फुंकून कपटा उडवायला लावा. चार-पाच दिवसांत जमतं. सर्दीत हेच करायचं: एका वेळी एक नाकपुडी, हलक्या जोराने.

इशारा: दोन्ही नाकपुड्या चिमटीत धरून "जोरात शिंकर, जोरात!" असं कधीही सांगू नका. तो जोर नळीतून मधल्या कानात जातो. पिचकारीने दाब देऊन नाक धुणंही याच कारणाने कान दुखऱ्या मुलात टाळा.

वाफेबद्दल: गरम पाण्याच्या भांड्यावर मुलाला वाकवू नका. अशा भांड्यांतलं पाणी सांडून मुलं गंभीर भाजतात, आणि त्या मानाने फायदा किरकोळ. खोलीतली हवा फार कोरडी वाटली तर थंड वाफेचं यंत्र चालतं, पण त्यातलं पाणी रोज बदला.

झोपवताना: एक वर्षाखालच्या बाळाच्या डोक्याखाली उशी, घडी, काहीही नको. नाक चोंदलेलं असलं तरी सपाट, घट्ट गादीवर उताणंच झोपवा. नाक झोपण्याआधी मोकळं करणं हाच त्यावरचा उपाय.

तपासा: दहा मिनिटांनी मूल तोंड मिटून श्वास घेतं का? दूध ओढताना मध्येच सोडून धापा टाकत नाही ना? होत असेल तर पायरी जमली.

हिरवा-पिवळा शेंबूड दिसला की लोक प्रतिजैविक शोधू लागतात. साध्या सर्दीतही शेंबूड आधी पाण्यासारखा, मग घट्ट पिवळा-हिरवा, मग पुन्हा पातळ होतो. रंगापेक्षा दिवस मोजा. दहा दिवस झाले आणि तसूभरही फरक नाही, बरं होत आलेलं मूल पुन्हा बिघडलं, किंवा सलग तीन दिवस ३९ अंश ताप आणि पुवासारखा शेंबूड एकत्र आहे, तर ती सायनसची बाधा असू शकते आणि डॉक्टरांची वेळ आली आहे.

## पायरी ४: तोंड

नाक मोकळं झाल्यावर इथे फारसं उरत नाही.

दिवसभर घोटघोट पाणी पाजत राहा, सहा महिन्यांखालच्या बाळाला मात्र पाणी नाही, दूधच वारंवार. दात दोन वेळा घासा. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. मोठ्या मुलाची जीभ त्याच ब्रशने हलकेच पुसा, मागे फार आत जाऊ नका, उलटी होते. दात नसलेल्या बाळाच्या हिरड्या ओल्या स्वच्छ फडक्याने पुसा.

एक गोष्ट हमखास राहते. रात्रीचं औषध गोड पाकातलं असतं आणि ते दात घासल्यानंतर दिलं जातं. ती साखर रात्रभर कोरड्या तोंडात राहते. औषध आधी, दात नंतर. मध्यरात्री औषध द्यावं लागलं तर वर दोन घोट पाणी पाजा.

इशारा: माउथवॉश सहा वर्षांखाली नको, मुलं तो गिळतात.

## पायरी ५: कान खरंच दुखतो आहे का, ते ठरवा

नुसतं कान ओढणं ही खूण कच्ची आहे. दात येताना, झोप आल्यावर, कंटाळा आल्यावरही मुलं कान ओढतात. खेळत, हसत कान ओढणाऱ्या मुलाचा कान बहुधा बरा असतो. याउलट कान ठणकणारं मूल असं वागतं:

- सर्दी दोन-पाच दिवसांची झाली आहे, ओसरायला लागली होती, आणि अचानक ताप पुन्हा चढला.
- आडवं केलं की किंचाळतं, खांद्यावर उभं धरलं की शांत होतं. खाली ठेवलं की पुन्हा तेच.
- भूक आहे, दूध घ्यायला झेपावतं, दोन घोट ओढतं आणि रडून सोडतं. ओढताना-गिळताना कानातला दाब बदलतो आणि कळ येते.
- नेहमीसारखी हाक ऐकत नाही.
- कानातून पाणी किंवा पू आला.

पहिल्या तीनपैकी दोन गोष्टी जुळल्या तर मी कानाचं दुखणं धरूनच चालते. टॉर्च कानाच्या बाहेरचा भाग पाहण्यापुरताच. पडदा घरी दिसत नाही, त्याला डॉक्टरांचं यंत्र लागतं.

इशारा, आणि हा पुन्हा वाचा: कानात तेल, कोमट पाणी, घरगुती रस, पेरॉक्साइड, जुन्या आजारातले उरलेले थेंब, काहीही घालू नका. दुखणं पडद्याच्या आत आहे, वरून टाकलेलं तिथे पोचत नाही. आणि पडद्याला भोक पडलेलं असेल तर ते थेट मधल्या कानात जातं, जिथे काही औषधं ऐकण्याच्या यंत्रणेला इजा करू शकतात. कापसाची काडीही नको, तिने मळ आत ठासला जातो.

## पायरी ६: दुखणं थांबवा, डोस मोजून

कान दुखणाऱ्या मुलाला पहिली गरज वेदना कमी होण्याची असते. "सकाळी डॉक्टरांना नीट कळावं" म्हणून रात्रभर औषध न देता ठेवणारे आईवडील मी पाहिले आहेत. औषधाने कानाचा पडदा बदलत नाही, डॉक्टरांना सकाळीही दिसणारच. मुलाला रडत ठेवू नका.

पॅरासिटामॉलचा एक डोस किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. दोन डोसांमध्ये किमान चार ते सहा तास, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत. आता १० किलोच्या मुलाचं गणित पाहा. १५ ने गुणलं की १५० मिलिग्रॅम. हेच १५० मिलिग्रॅम

- १०० मिलिग्रॅम दर १ मिली या थेंबांतून: १.५ मिली
- १२० मिलिग्रॅम दर ५ मिली या सिरपातून: ६.२५ मिली
- २५० मिलिग्रॅम दर ५ मिली या सिरपातून: ३ मिली

औषध तेच, मूल तेच, माप मात्र चौपटीपर्यंत बदलतं. सिरप संपलं म्हणून थेंबांची बाटली फोडली आणि सवयीने सहा मिली दिलं, तर डोस चौपट झाला. यकृतासाठी हे धोक्याचं आहे. म्हणून देण्याआधी दर वेळी बाटली वाचा, सिरिंजमधलं माप दुसऱ्या मोठ्या माणसाला दाखवा आणि दिल्याबरोबर वहीत वेळ लिहा. आईने दिलेलं माहीत नसल्याने बाबांनी पुन्हा दिलं, हे नेहमीचं.

आयब्युप्रोफेन सहा महिन्यांवरच्या मुलांनाच, डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात. उलट्या-जुलाब असतील किंवा मूल पाणी पीत नसेल तर ते टाळा. ॲस्पिरिन मुलांना द्यायचंच नाही.

सर्दी-खोकल्याची मिश्र सिरपं चार वर्षांखाली डॉक्टरांशिवाय नकोत. त्यांनी कानातलं पाणी ओसरत नाही आणि मूल गुंगतं. कित्येकांत पॅरासिटामॉलही असतं, म्हणजे डोस नकळत दुप्पट.

कानावर बाहेरून कोमट, कोरडं फडकं धरायला हरकत नाही. आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघा. मूल उभं धरलं की बरं वाटत असेल तर तेवढा वेळ उभं धरा.

तपासा: तासाभराने मूल शांत झालं का? पाणी-दूध घेतलं का? योग्य डोस देऊनही रडणं थांबत नसेल, तर सकाळची वाट पाहू नका.

## पायरी ७: डॉक्टरांकडे काय सांगायचं, काय विचारायचं

वही पुढे करा. सर्दी किती दिवसांची, ताप कधी आणि किती, शेवटचं औषध कधी, आधी कान कितीदा दुखला, कुठल्या औषधाची ॲलर्जी. "कालपासून बरं नाही" एवढ्याने त्यांना काही कळत नाही.

प्रत्येक कानदुखीला प्रतिजैविक लागत नाही, आणि डॉक्टर "दोन-तीन दिवस पाहू" म्हणाले तर ते टाळाटाळ करत नसतात. सहा महिन्यांवरच्या, फारसा ताप नसलेल्या, दुखणं सौम्य असलेल्या मुलात ४८ ते ७२ तास वेदनेचं औषध देऊन वाट पाहणं ही मान्य पद्धत आहे. बरीच मुलं एवढ्यात आपोआप सुधारतात. मात्र सहा महिन्यांखालचं बाळ, कान वाहतो आहे, ताप ३९ अंशांवर आहे, दुखणं तीव्र आहे, किंवा दोन वर्षांखालच्या मुलाचे दोन्ही कान बाधले आहेत, तर प्रतिजैविक साधारणतः लगेच सुरू करतात.

वाट पाहायची असेल तर निघण्याआधी एकच गोष्ट पक्की करा: नक्की काय झालं तर परत यायचं, आणि किती तासांत. हे न विचारता आलेला माणूस एकतर घाबरून रात्री धावतो किंवा चार दिवस अंगावर काढतो.

प्रतिजैविक दिलं तर ठरलेले सगळे दिवस द्या. दोन वर्षांखाली बहुधा दहा दिवस, मोठ्यांना कमी. तिसऱ्या दिवशी मूल उड्या मारू लागतं आणि बाटली फ्रिजमध्ये विसरली जाते. ४८ ते ७२ तासांत फरकच नसेल तर परत दाखवा. आणि भावंडाची उरलेली बाटली वापरू नका. पाणी घालून तयार केलेली ही औषधं थोडेच दिवस टिकतात.

## पायरी ८: कान वाहू लागला तर

रात्रभर रडणारं मूल पहाटे एकदम गाढ झोपतं, आणि उशीवर पिवळसर, कधी रक्ताळलेला डाग दिसतो. दाब वाढून पडद्याला बारीक भोक पडलं आणि पू बाहेर आला. दाब उतरला म्हणून कळ थांबली. पाहून पोटात गोळा येतो, पण असं भोक बहुतेकदा काही आठवड्यांत आपोआप भरून येतं.

१. बाहेर आलेलं ओल्या मऊ फडक्याने पुसा, फक्त बाहेरून.
२. आत कापूस कोंबू नका. पू बाहेर यायलाच हवा.
३. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. दुखणं थांबलं म्हणून आजार संपलेला नाही.
४. पडदा भरल्याचं डॉक्टर सांगेपर्यंत कानात पाणी जाऊ देऊ नका. अंघोळीपुरता पेट्रोलियम जेली लावलेला कापसाचा बोळा कानाच्या तोंडाशी ठेवा आणि अंघोळ झाली की लगेच काढा. पोहणं बंद.

## पायरी ९: सर्दी गेल्यावरचे तीन महिने

ताप गेला, वास गेला, मूल खेळतंय. इथे जवळजवळ सगळेच थांबतात. पण पडद्यामागचं पाणी दुखणं थांबल्यावरही आठवडे-महिने राहू शकतं. ते दुखत नाही, फक्त ऐकू कमी येतं, जसं आपल्या कानाला दडे बसल्यावर वाटतं. बोलायला शिकण्याच्या वयात हे महिने फार मोलाचे असतात.

घरी आठवड्यातून एकदा असं पाहा. मूल खेळात रमलेलं असताना त्याच्या मागे एखाद्या मीटरवर उभं राहा, सावली किंवा पावलांचा आवाज येऊ देऊ नका, आणि कुजबुजत्या आवाजात त्याच्या आवडीच्या गोष्टीचं नाव घ्या. वळलं का? दोन-तीनदा, वेगवेगळ्या दिवशी करा. बाळ असेल तर मागून एका बाजूला खुळखुळा हळू वाजवा. सोबत हेही बघा: "काय?" असं वारंवार विचारतं का, आवाज वाढवायला सांगतं का, मोठ्याने बोलू लागलं आहे का, नवे शब्द थांबले आहेत का. मुलाला हट्टी, लक्ष न देणारं ठरवण्याआधी कान तपासून घ्या.

हे पाणी बहुतेक मुलांत तीन महिन्यांत आपोआप ओसरतं. प्रतिजैविकं किंवा सर्दीची सिरपं त्याला लागू पडत नाहीत. तीन महिन्यांनीही राहिलं, किंवा आधीच बोलणं मागे पडतंय असं वाटलं, तर श्रवणचाचणी करून घ्या आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांना भेटा.

याच काळात दोन-चार सवयी बदलता येतात. बाटलीने दूध आडवं झोपवून पाजू नका, डोकं वर धरून पाजा. चोखणी सहा महिन्यांनंतर कमी करत आणा. घरात आणि गाडीत कुणीही धूम्रपान करू नये, मूल समोर नसलं तरी. न्यूमोकोकलची आणि दरवर्षीची फ्लूची लस राहिली असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या.

आणि सर्दी नसतानाही मूल कायम तोंड उघडं ठेवतं, घोरतं, झोपेत मध्येच श्वास अडकल्यासारखा थांबतो आणि सकाळचा वास जातच नाही, तर नाकामागच्या ॲडेनॉइड ग्रंथी वाढल्या आहेत का, ते तपासायला सांगा. जाताना फोनवर झोपेतल्या घोरण्याचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून न्या. दवाखान्यात मूल जागं असतं आणि तिथे हे काहीच दिसत नाही.